पांढऱ्या धुराची तहान

बोलतोय तो मी, धुराचा एक कण. इकडंतिकडं बघू नका, दिसायचा नाही मी. तुमच्या डोक्यावरचा एक केस आडवा धरला तर त्याच्या जाडीत माझ्यासारखे कितीतरी जण खांद्याला खांदा लावून आरामात बसतील. एवढासा जीव, म्हणून दारात मला कुणी विचारत नाही की बाबा, कुठून आलास, कुणाकडं चाललास. सगळीकडं घरचाच असल्यासारखा जातो.

आत्ता मी जिथं बसलोय तिथं अंधार आहे. ऊब आहे. आणि ओल आहे, लई ओल आहे. ही जागा कुणाची ते सांगतो, पण शेवटी. पाहुण्यानं आधी आपलं गावघर सांगावं, मग यजमानाचं नाव घ्यावं. मी व्यापाऱ्याच्या घरात जन्मलो, तेव्हा एवढी रीत मला कळते.

जन्म माझा सोलापूरचा, शुक्रवार पेठेतला. चनबसप्पांचं शेंगाचटणीचं दुकान तुम्ही पाहिलं नसेल, पण वास तुमच्या नाकावरून नक्की गेला असेल. पुढं दुकान, मागं भट्टी, वर राहतं घर. भट्टीवर मोठी कढई, कढईत तापलेली वाळू, वाळूत शेंगदाणे. जळण म्हणून शेंगांची टरफलं. चनबसप्पा गिऱ्हाइकाला पुडी बांधता बांधता सांगायचे, "शेंगेचं काय बी वाया जात न्हाय बघा. दाणा तुमाला, पेंड म्हशीला, टरफल भट्टीला. आन वास? वास सगळ्या पेठेला फुकट."

माणूस बोलका आणि मोकळा. दुकानात आलेला कुणी दोन दाणे तोंडात टाकल्याशिवाय परत गेलेला मी पाहिला नाही. दाणा किती भाजला हे ते डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगायचे. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पूर्वी या भट्टीचा धूर काळा होता. माझे थोरले भाऊबंद म्हणा ते, काजळीचे. उडायचे आणि शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायचे. त्यातून एक प्रकरण झालं, आणि ते झालं नसतं तर मी जन्मलोच नसतो.

शेजारी गुरुशांत राहतो. तरणा, धिप्पाड. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा भरते तेव्हा नंदीध्वज पेलणाऱ्यांत तो असतो. नंदीध्वज म्हणजे घराच्या डोक्यावरून जाईल असा उंच बांबू, सजवलेला, आणि तो कमरेच्या पट्ट्यावर तोलून धरून चालायचं. ते मानकरी अंगात पांढरीशुभ्र बाराबंदी घालतात. तर दोन वर्षांमागं, जत्रा तोंडावर आलेली, आणि गुरुशांत आपली धुतलेली बाराबंदी दोन्ही हातांवर आडवी घेऊन दुकानात आला. लहान पोर आणावं तशी.

"काका, हे बघा. मला नंदीध्वज धरायचाय, का कोळशाचं पोतं उचलायचंय?"

पांढऱ्या कापडावर काळे ठिपके, तीळ उधळल्यागत. चनबसप्पा फार शरमले. देवाच्या कामाच्या कापडावर आपल्या धंद्याचा डाग, म्हणजे त्यांच्या लेखी मोठं पाप. दुसऱ्या दिवशीपासून ते भट्टीपुढं बसून खटपट करू लागले, आणि त्यांना युक्ती सापडली. टरफलांवर पाण्याचे हबके मारायचे. टरफल ओलं असलं की भडका उडत नाही, ते धुमसत राहतं, आणि धूर काळ्याऐवजी पांढरा निघतो. पांढरा धूर कापडावर डाग पाडत नाही.

"डाग न्हाय म्हणजे घाण न्हाय," चनबसप्पांनी हिशेब मांडला. पेठेनं मान डोलावली. शेजारच्या बेकरीवाल्यानं लाकडं भिजवली, भडंगवाल्यानं भुसा भिजवला. देवाच्या कपड्यांसाठी सगळ्यांनी मिळून धूर पांढरा केला. त्यात कुणाचं मन वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

आणि मी त्या पांढऱ्या धुरातला.

माझं जन्माचं गुपित असं आहे. मला नीट आग मिळाली असती तर मी जळून गेलो असतो, मागं काही उरलं नसतं. पाण्याचा हबका बसला आणि आग मागं सरली. टरफलातलं तेल, डिंक, लाकडाचा रस, सगळं न जळता वाफ होऊन वर उठलं, आणि थंड हवेत आल्याबरोबर आकसून त्याचा मी झालो. पाणी माझी सुईण. पण त्यानं मला जन्म दिला तो अर्धवट जळलेला म्हणून. आणि अर्धवट जळलेलं जे असतं, त्याला शांती नसते. तुमच्याकडंही तसंच मानतात ना?

धुराड्यातून वर आलो तो पहिल्यांदा दिसली माडीवरची खिडकी, आणि खिडकीत पार्वतम्मा. चनबसप्पांची बायको. माहेर अक्कलकोटचं, त्यामुळं बोलण्यात अर्धं कन्नड. डोक्यावरून चादर घेऊन, ओवा टाकलेल्या पाण्याचा वाफारा घेत बसली होती. खोकत होती. वाफ चादरीच्या कडेनं निसटून खिडकीबाहेर येत होती.

ती वाफ माझ्या अंगावरून घसरून गेली. मी तेव्हा ताजा, तेलकट. पाण्याला माझ्यात जागा नव्हती. पहिल्या भेटीत आमची काही ओळख झाली नाही.

खिडकीतून बोलणं ऐकू आलं तेवढं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

"यंदा अक्षतेला मी जाणारच," पार्वतम्मा म्हणत होती.

सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी जत्रेत देवाचं लग्न लागतं, हजारो माणसं पांढऱ्या कपड्यांत अक्षता टाकतात. लग्न होऊन सोलापुरात आल्यापासून पार्वतम्मानं ती अक्षता चुकवली नव्हती. गेल्या वर्षी मात्र अर्ध्या वाटेत दम लागला. अक्षतेची पुडी मुठीत तशीच ठेवून रिक्षातून परत यावं लागलं. ती पुडी तिनं अजून देव्हाऱ्यात ठेवली होती.

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस की न्हाय?" चनबसप्पा म्हणाले.

"ऐकलं की. दम टिकला तर जावा म्हणाले. जाऊ नका म्हणाले न्हाईत."

"अत्ती, थोडं गप्प बसा, परत उबळ येईल," सासूला असं म्हणणारी ही सून, धनलक्ष्मी. मग सासऱ्यांकडं वळून, "मामा, रोज सकाळी भट्टी पेटली की ह्यांना जास्त होतंय. त्या धुराचं काहीतरी बघा की."

"धूर?" चनबसप्पा खिडकीतून बाहेर वाकले. माझ्या अगदी जवळून बघत होते. "कुटं हाय धूर? काळं काय दिसतंय का तुला? ही तर नुसती वाफ हाय. हिच्या वाफाऱ्यासारखी."

मी वर गेलो.

शाळा मी पाहिली नाही. मला शिकवलं ते सोलापूरच्या उन्हानं. इथलं ऊन म्हणजे जानेवारीतही दुपारी शर्ट काढायला लावणारं. त्या उन्हानं आणि हवेतल्या झणझणीत वायूंनी मला दिवसभर खरवडलं. अंगावरचा तेलकटपणा गेला. त्या जागी आंबूस, पाण्याची ओढ असलेलं काहीतरी तयार झालं. हे होताना दुखत नाही, पण आपण पूर्वीचे राहिलो नाही एवढं कळतं. दुपारच्या कोरड्या हवेत मी वाळून काचेसारखा कडक व्हायचो. संध्याकाळी गारवा उतरला की गुळाच्या पाकासारखा सैल पडायचो. महामार्गावरच्या ट्रकचा एक काळा, दाढी वाढल्यासारखा खरबरीत कण मला चिकटला. तो बोलत नव्हता. नुसता चिकटला आणि राहिला.

आणि एका संध्याकाळी मला पहिल्यांदा तहान लागली.

सोलापुरात तहानेचं कौतुक मी कुणाला सांगू? नळाला पाणी यायच्या दिवशी सगळ्या गल्लीत लग्नघाई असते. गच्च्यांवर काळ्या टाक्या, दारात निळी पिंपं, आणि पिंपावर झाकण. माणूस पाणी झाकून ठेवतो. पण हवेत जे पाणी असतं त्याला झाकण नाही. ते दिसतही नाही. ते मला त्या संध्याकाळी ऐकू आलं. खरं सांगतो, ऐकूच आलं. चारी बाजूंनी, कुणीतरी अनवाणी चालत येतंय तसं.

हिवाळ्यातला वारा पूर्वेचा. त्यानं मला उचलून सांगोल्याच्या बाजूला नेलं. खाली डाळिंबाच्या बागा, माळ, मेंढरं. वर एक अवकाळी ढग जमलेला. मी त्याच्यात शिरलो, आणि पाणी माझ्यावर चढलं. काही क्षणांत मी एका थेंबाच्या मध्यावर होतो.

ढग तुम्हाला खालून कापसासारखा दिसतो. आतून तो तसा नाही. आत प्रत्येक थेंबाच्या पोटात एक कण असतो, बाहेर बघत बसलेला. ढग आतून डोळ्यांचा असतो. कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही, सगळे एकमेकांकडं बघतात, आणि ज्याच्या त्याच्या भोवती थोडंसं पाणी.

थोडंसंच, कारण घेणारे फार होतो. सोलापूरच्या भट्ट्या, वाटेत जाळलेलं उसाचं पाचट, कचऱ्याचे ढीग, सगळीकडचे आम्ही जमलेलो. पाणी तेवढंच. एका गाडग्यातलं ताक अख्ख्या जत्रेला वाढलं तर पानात काय पडेल? थेंब इतके बारीक झाले की एकालाही खाली पडण्याइतकं वजन आलं नाही.

खाली जोतिराम नावाचा मेंढपाळ डोक्यावर हात धरून उभा होता. त्याची बायको मायाक्का बागेच्या बांधावर.

"आलंय खरं, पर द्यायचं न्हाय दिसतंय," तो म्हणाला.

"नगंच देऊ दे. डाळिंबाला फूल लागलंय. तुला मेंढरांपुढं काय दिसतंय का?"

"फूल खातीस का तू? माळाला गवात नको?"

"मग ढगालाच इचार की, कुणाचं ऐकतोस म्हणून."

ढग कुणाचंच ऐकणार नव्हता. मी वरून सांगू शकलो असतो. न पडता तो विरला, पाणी आलं तसं निघून गेलं, आणि मी पुन्हा कोरडा, उघडा पडलो. पण पाणी जाताना आपली सवय मागं ठेवून गेलं. त्यात विरघळलेलं खारट, आंबट काहीबाही माझ्या अंगात राहिलं. आता माझी तहान दुप्पट होती. आणि वारा फिरला होता. मी घराकडं निघालो.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात एके पहाटे सोलापूरवर धुकं उतरलं. तुम्हाला आठवत असेल, लोक मोबाइल घेऊन तळ्यावर गेले होते. "महाबळेश्वर झालंय की हो," म्हणत होते. पोरीबाळी तोंडातून वाफ काढून हसत होत्या.

ते धुकं म्हणजे आम्ही होतो. एकेकाच्या अंगावर पाण्याचा सदरा चढलेला, इतकंच.

चनबसप्पा चहाचा कप घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभे होते. समोर मोकळ्या जागेत गुरुशांत आणि त्याचे सोबती सरावाची काठी पेलत होते. काठीचं खालचं टोक दिसत होतं, गुरुशांतचे हात दिसत होते, आणि त्याच्या वर काही नव्हतं. काठी धुक्यात शिरून संपली होती. वरून घुंगरांचा आवाज तेवढा येत होता. चार माणसांनी मिळून काहीतरी धरलंय, आणि ते वर काय आहे ते त्यांनाही ठाऊक नाही, असं ते दिसत होतं.

"काका, यंदा बाराबंदीवर एक डाग न्हाय," गुरुशांत काठी सोबत्याकडं देऊन म्हणाला.

"मग! बघ की कसं पांढरंशुभ्र झालंय सगळं," चनबसप्पांनी धुक्याकडं हात केला.

गुरुशांत हसला, हसता हसता खोकला. थांबून परत खोकला. "धुकं घशाला लागतंय, काका. गोडूस लागतंय."

"धुक्याला कसली चव आलीय रे? चहा पी."

मी त्यांच्या धोतराच्या कडेनं चाललो होतो. ते घराकडं वळले, मीही वळलो.

माडीवर वेगळंच चाललं होतं. धनलक्ष्मीनं सासऱ्यांचं एक जुनं धोतर पाण्यात पिळून खिडकीला बांधलं होतं. तिच्या माहेरी वावटळ उठली की दाराला ओलं फडकं लावायचे. धुळीला जे चालतं ते याला का चालू नये, एवढाच तिचा विचार. भट्टी खाली धुमसत होती, बाहेर धुकं दाटलं होतं, आणि ते ओलं धोतर खिडकीत स्थिर लोंबत होतं.

माझे सोबती पुढं गेले. ओल दिसली की आम्हाला थांबवत नाही. एकेक जण त्या कापडाला टेकला, आणि टेकला की गप्प झाला. पुढचा टेकला, गप्प झाला. ढगातून बरोबर आलेले, धुक्यात बरोबर तरंगलेले. आवाज एकेक करून कमी होत गेले. माझी पाळी आली असती. तेवढ्यात चनबसप्पांनी खोलीत येऊन धोतर एका बाजूला सारलं.

"कोंडून मारतीस का हिला? हवा येऊ दे की जरा. सकाळची हवा औषध असते."

त्यांच्या कोपराखालून मी आत आलो. त्यांच्याच हातानं आलो, हे त्यांना कधी कळणार नाही. मी इथून सांगूही शकत नाही.

पार्वतम्मा चादरीखाली होती. आपल्याच सोलापुरी चादरीखाली, पुढं उकळतं पातेलं. चादरीच्या घडीतून मी शिरलो तो एकदम पावसात आल्यासारखा. मागच्या वेळची हीच वाफ, माझ्यावरून घसरून गेलेली. आता तिनं मला ओळखलं. पाणी माझ्यावर झेपावलं. मी फुगलो, मऊ झालो, जड झालो. वर दोन मिटलेले डोळे होते. तिनं खोल श्वास घेतला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसा, पोटापर्यंत.

आता यजमानाचं नाव सांगायला हरकत नाही. मी पार्वतम्माच्या छातीत आहे.

वाट लांब होती. एक मोठी नळी, तिला फाटे, फाट्यांना फाटे, गल्ल्या अरुंद होत गेलेल्या, अगदी जुन्या पेठेसारख्या. भिंती ओल्या. आत कायम पावसाळा. सांगोल्याच्या ढगात जे मिळालं नाही ते इथं मिळालं. शेवटी एका छोट्या गोल खोलीत आलो, आणि पाहतो तर तिथं आधीच कुणीतरी बसलेले होते.

"या," एक जण म्हणाला. "जागा करून घ्या."

तो अक्कलकोटचा निघाला. पार्वतम्माच्या आईच्या चुलीतला, ती परकरात होती तेव्हाचा. पलीकडं रिक्षाच्या धुरातले दोघं. भिंतीशी आमच्याच भट्टीतले, गेल्या वर्षीचे. सगळे काळपट, सगळे शांत. एकाला पांढऱ्या, लिबलिबीत पेशीनं पोटात घेतलं होतं. इथली राखणदार ती. पण तिला तो पचला नव्हता, आणि ती त्याला पोटात धरून कोपऱ्यात नुसती बसून होती.

"इथून परत कधी जायचं असतं?" मी विचारलं.

अक्कलकोटच्यानं नुसतं सरकून मला आणखी जागा करून दिली.

"खोकला येतो ना हिला," मी म्हणालो. "तेव्हा जात असतील."

"वरच्या मजल्यावरचे जातात," अक्कलकोटचा म्हणाला. "इथपर्यंत खोकला पोचत नाही."

तेवढ्यात ती खोकायला लागलीच. खोली हलली, भिंती जवळ आल्या, लांब गेल्या. आम्ही जागच्या जागी होतो. खोकला ओसरल्यावर बाहेरची बोलणी ऐकू यायला लागली. छातीच्या आतून माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे येतात, आणि तिला जे दिसतं ते श्वासाबरोबर आत उतरतं.

धनलक्ष्मीनं खिडकीचं धोतर सोडून परातीत पिळलं होतं. सकाळी स्वच्छ पाण्यातून काढलेलं. पाणी चहासारखं निघालं.

"मामा, हे बघा."

"धुळीचं असंल."

"बघू नका मग. वास घ्या."

आणि इथं बाकीचं सगळं थांबलं. हा माणूस डोळे मिटून दाणा ओळखणारा. मी ऐकत होतो. त्यांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं, मग परत एकदा.

"माझ्या भट्टीचा हाय," ते म्हणाले. "टरफल ओलं असलं की असाच येतोय. गोडूस."

गुरुशांतचा शब्द त्यांना आठवला असावा.

"मला तर दोन वर्षं रोज येतोय हा वास," पार्वतम्मा म्हणाली. तिचा आवाज माझ्या चहूबाजूंनी आला. "मला वाटलं, तुमच्या अंगाचा असंल. म्हणून काय बोलले न्हाय."

मग जिन्यावर चनबसप्पांची पावलं वाजली. पार्वतम्मा त्यांच्यामागं निघाली, भिंतीला धरून, प्रत्येक पायरीवर थांबत. मी तिच्याबरोबर उतरलो, दुसरा काही इलाज नव्हता.

खाली भट्टी धुमसत होती. चनबसप्पांनी शेजारच्या पिंपात तांब्या बुडवला. आयुष्यभराची सवय. आग विझवायची म्हणजे पाणी. भरलेला तांब्या त्यांनी टरफलांवर उपडा करायला उचलला.

एवढं पाणी त्या निखाऱ्यांवर पडलं तर काय उठेल ते मला माहीत होतं. मी तसाच तर जन्मलो होतो. सगळी माडी, सगळी गल्ली भरून जाईल इतके आम्ही एकदम जन्मलो असतो, आणि पार्वतम्मा दारातच उभी होती, धापा टाकत, तोंड उघडं ठेवून.

"मामा, पाणी नको," धनलक्ष्मी जिन्यावरून ओरडली. "राख टाका, राख."

तांब्या हवेत राहिला. त्यांनी हाताकडं पाहिलं, जणू तो दुसऱ्याचा हात होता. मग तांब्या बाजूला ठेवला, खोरं घेतलं, आणि कालची राख ओढून निखारे पुरले. सगळे झाकेपर्यंत थांबले नाहीत. कपाळाला तीच राख लागली होती.

मग त्यांनी हात धुतले, तो तांब्या उचलला आणि पार्वतम्माला दिला.

"पी. बस हितं."

तिनं पाणी प्यायलं. ते शेजारच्या नळीतून खाली गेलं, माझ्या अगदी जवळून, भिंतीपलीकडून. मी ऐकलं. आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. इतकं पाणी, आणि आमच्यासाठी थेंबसुद्धा नाही. पण ते आगीवर न पडता तिच्या घशात गेलं, म्हणून मला त्या वेळी पहिल्यांदा बरं वाटलं.

त्यानंतरची हकीकत छोटी आहे. त्या आठवड्यात भट्टी पेटली नाही. जत्रेचे दिवस, चटणीला गिऱ्हाईक रांग लावून, आणि दुकानात जुना माल संपत आलेला. चनबसप्पांनी गॅसची भट्टी बघायला माणूस बोलावला आणि ते ओलं धोतर खांद्यावर टाकून पेठेत निघाले. व्यापारी जसा मालाचा नमुना घेऊन फिरतो तसे. बेकरीत गेले, भडंगवाल्याकडं गेले. "घे, वास घे. ह्यात तुझा किती, माझा किती, सांग." बेकरीवाला म्हणाला, "काका, यंदा धोतर विकायला काढलं का?" भडंगवाल्यानं वास घेतला आणि भुशाचं पोतं उन्हात ओढलं. बेकरीचा धूर अजून पांढराच आहे. धोतराला वास होता तोवर चनबसप्पा जात राहिले.

अक्षतेच्या दिवशी ती दोघं पहाटेच निघाली, म्हणजे थांबत थांबत जाता येईल. पार्वतम्माच्या मुठीत गेल्या वर्षीची पुडी. दर चार घरांमागं ती थांबायची, आणि चनबसप्पा कुणाच्या तरी ओट्याकडं बघून गोष्ट काढायचे, ती थांबली हे कुणाला कळू नये म्हणून. या ओट्यावर अमका कसा पडला, त्या दारात कुणाचं भांडण झालं. तिला हसू येत होतं. हसताना आमची खोली लहानमोठी होत होती.

मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी ती थांबली ती पुढं जाईना. तळं अजून लांब होतं. लांबून सनईचा आवाज येत होता, पांढरे कपडे घातलेली माणसं धुक्यातून तिकडं चालली होती.

"बास," ती म्हणाली. "हितनंच टाकते. देवाला दिसत न्हाय का?"

"दिसतंय की. हौदू, व्हय, टाक हितनंच," चनबसप्पा म्हणाले.

तिनं पुडी सोडली. अक्षता टाकायच्या आधी तिनं श्वास घेतला, होता नव्हता तेवढा, आणि सोडला. गार हवेत तिच्या तोंडासमोर वाफेचा छोटा ढग उभा राहिला. चनबसप्पा त्याच्याकडं लहान मुलासारखं बघत राहिले.

"बघ, बघ," ते म्हणाले. "दिसतोय की तुझा श्वास. चांगला मोठा हाय."

मी त्यांना सांगू शकलो नाही. तोंडातून निघालेली वाफ अशी उभी राहते ती हवेत तिला टेकायला कुणीतरी असतं म्हणून. तिथं बाहेर माझेच भाऊबंद वाट बघत होते. तिचा श्वास त्यांच्या अंगावर चढला तेव्हा तो चनबसप्पांना दिसला.

मी बाहेर आलो नाही. मी आत राहिलो. अजून आहे. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, की पांढरं दिसलं म्हणून त्याला वाफ समजू नका, आणि धुमसत्या आगीवर पाणी टाकू नका. या खोलीत आता जागा फार नाही. पार्वतम्मा आत्ता एका ओट्यावर टेकलीय, आणि पुढचा श्वास घेतेय. जरा हळू बोला.